सोसायटीचा गणेशोत्सव, शेजारचे हळदीकुंकू आणि ख्रिस्ती घर: सीमा कुठे आखायची?

सलाम. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मराठी प्रोटेस्टंट कुटुंबातले असून नोकरीनिमित्त पुण्यातील एका सोसायटीत राहता. तुम्ही हिशेबाचे काम करता म्हणून सोसायटीच्या गणेशोत्सव समितीने तुम्हाला खजिनदार होण्याची विनंती केली आहे. शेजारच्या काकू दर संक्रांतीला तुमच्या पत्नीला हळदीकुंकवाला बोलावतात. सात वर्षांच्या मुलीला उत्सवातल्या कार्यक्रमात मैत्रिणींबरोबर नाचायचे आहे. तुमच्या आईंचे म्हणणे असे की यातल्या कशालाही हात लावायचा नाही, प्रसादाचा मोदकसुद्धा उंबऱ्याच्या आत नको. तुमचे ख्रिस्ती मित्र मात्र म्हणतात की एवढा विचार कशाला, ही सगळी संस्कृतीच आहे. या दोन मतांच्या मध्ये तुम्ही उभे आहात आणि सीमा नेमकी कुठे आखायची असे विचारता.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये), काही काळ खेड्यांत आणि नंतर शहरात, पाळक म्हणून मी दीर्घकाळ सेवा केली आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे वारंवार आला आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न चालीरीतींच्या यादीचा नाही. कोणती गोष्ट चालते आणि कोणती चालत नाही याची यादी मी दिली, तरी पुढच्या महिन्यात तिच्यात नसलेला प्रसंग उभा राहीलच. खरा प्रश्न असा आहे की देवाशी असलेली आपली निष्ठा आणि शेजाऱ्यावरची आपली प्रीती या दोन्ही एकाच वेळी, एकाच कृतीत, खऱ्या कशा ठेवायच्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. ज्याने अलीकडेच, घरच्यांचा विरोध पत्करून बाप्तिस्मा घेतला आहे, त्याला मी जो सल्ला देईन तो तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या ख्रिस्ती माणसाला देणार नाही. पहिल्याला काही वर्षे अधिक अंतर राखावे लागते, कारण जुन्या उपासनेची ओढ आणि भीती दोन्ही त्याच्या मनात ताज्या असतात. ज्या स्त्रीचे सासर हिंदू आहे तिचे प्रश्न निराळे असतात, आणि तिला दुरून नियम सांगणाऱ्या माणसाने आधी तिच्या घरात दोन दिवस राहून पाहावे. तुमच्या मंडळीची शिस्त माझ्यापेक्षा कडक असेल तर आपल्या पाळकांशी बोलल्याशिवाय केवळ माझ्या शब्दावर काही करू नका.

आता तुमच्या मित्रांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते ऐकायला उदार वाटते आणि म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे. मांडवात गणपती बसवताना गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात. ज्यांच्या घरचा तो उत्सव आहे त्यांच्या श्रद्धेनुसार त्या क्षणापासून ती मूर्ती शोभेची वस्तू राहत नाही. तेथे देव आला आहे, म्हणून त्याला आसन, स्नान, वस्त्र आणि नैवेद्य दिला जातो आणि निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनंती केली जाते. या सगळ्याला आपण ‘नुसती संस्कृती’ म्हणतो तेव्हा आपण स्वतःची सोय पाहतो आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेची किंमत कमी करतो. जो मनापासून आरती करतो त्याच्या शेजारी उभे राहून मनात काहीच न ठेवता टाळ्या वाजवणे हा त्याचा आदर नव्हे. त्याचा देव त्याच्यासाठी खरा आहे आणि माझा प्रभू माझ्यासाठी खरा आहे, हे दोन्ही गांभीर्याने घेतले तर मी आरतीचे तबक हातात घेत नाही, आणि का घेत नाही ते त्याला प्रेमाने सांगू शकतो. माझा अनुभव असा की श्रद्धाळू हिंदू माणसाला हे फार लवकर समजते.

तुमच्या आईंचेही म्हणणे जुनाट म्हणून बाजूला सारू नका. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, आणि पुढच्या काळात त्या भागात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांतील फार मोठा भाग महार आणि मांग समाजातून आला. गावच्या जत्रेत, सणात आणि देवकार्यात या लोकांना ठरवून दिलेली कामे होती आणि ठरवून दिलेली जागा होती. देवळाच्या पायरीच्या अलीकडे ती जागा संपत असे. अशा माणसाने जेव्हा ‘आता मी यात नाही’ असे म्हटले तेव्हा तो मराठी संस्कृतीचा द्वेष करत नव्हता, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानातून उठून उभा राहत होता. तुमच्या आईंच्या ‘मोदकसुद्धा नको’ या वाक्यामागे त्यांच्या आजीचा तो निर्धार असू शकतो. त्यांना एकदा निवांत बसवून घरातली ती हकिकत विचारा. त्यांचे सगळे निष्कर्ष तुम्ही स्वीकारावेत असे मी म्हणत नाही, पण तो इतिहास न ऐकता निर्णय घेऊ नका.

पवित्र शास्त्रात तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा उतारा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत आहे. करिंथ हे रोमी वसाहतीचे गजबजलेले शहर होते. तेथे उत्खननात अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिराला लागून जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत, भिंतीलगत टेकून जेवण्यासाठी केलेल्या आसनांसह. त्या काळी देवळाच्या आवारातल्या जेवणाला निमंत्रण येणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. व्यापार, मैत्री आणि नातेसंबंध तेथेच जुळत. म्हणजे करिंथच्या ख्रिस्ती माणसाची अडचण तुमच्या सोसायटीतल्या अडचणीपेक्षा फार वेगळी नव्हती.

हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने या एका प्रश्नाचे तीन भाग केले, आणि ते वेगळे ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो. देवळात बसून नैवेद्याच्या पंगतीत सहभागी होण्यास त्याने स्पष्ट नकार दिला, कारण प्रभूच्या मेजात आणि दुसऱ्या देवाच्या मेजात एकाच वेळी वाटेकरी होता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या मांसाबद्दल मात्र त्याने चौकशी न करता खाण्याची मोकळीक दिली, कारण पृथ्वी व तिच्यातले सर्व काही प्रभूचे आहे. तिसरा प्रसंग घरच्या जेवणाचा. निमंत्रण आले तर जा आणि वाढतील ते खा. पण ‘हे देवाला अर्पण केलेले आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. या तिन्ही प्रसंगांत पदार्थ तोच असू शकतो. निर्णय बदलतो तो तेथे काय चालले आहे यामुळे आणि पाहणारा त्यातून काय समजेल यामुळे. मला हा उतारा फार मोलाचा वाटतो, कारण पौल येथे भीतीला जागा देत नाही आणि बेफिकिरीलाही देत नाही.

बायबलमधल्या दानीएलाचे उदाहरणही लक्षात ठेवा. बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) त्याने परक्या राजाची नोकरी केली, खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा आणि विद्या आत्मसात केली, एवढेच नव्हे तर त्यांच्या देवाची आठवण वागवणारे बेल्टशस्सर हे नावही सोसले. राजाच्या ताटातले अन्न मात्र त्याने नाकारले, आणि पुढे प्रार्थनेवर बंदी आली तेव्हा सिंहांच्या गुहेत जाणे पत्करले. आपल्याला वाटेल की नाव ही मोठी गोष्ट आणि जेवण ही लहान. त्याचा निवाडा वेगळा होता. नकार कुठे द्यायचा हे त्याने आधी मनाशी ठरवले होते, आणि तो नकार देतानाही त्याने खोजांच्या सरदाराला विनंती केली, त्याच्यावर संकट येणार नाही असा मार्ग सुचवला. नामानाची गोष्ट याहून कोवळी आहे. नव्याने विश्वास ठेवलेला हा अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला सांगतो की माझा धनी रिम्मोन या देवाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून जाईल तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी; आणि संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. नोकरीमुळे किंवा नात्यामुळे ज्यांना नको तिथे उभे राहावे लागते अशा माणसांशी बोलताना मी ही गोष्ट कधी विसरत नाही.

आता खजिनदारपदाबद्दल. सोसायटीचा उत्सव म्हणजे केवळ पूजा नव्हे. वर्गणी आणि पावती पुस्तके, मांडववाल्याचा आणि ध्वनिक्षेपकवाल्याचा हिशेब, मुलांच्या स्पर्धा, रक्तदान शिबिर, शेवटच्या दिवसाचे सामुदायिक जेवण, हे सारे त्यात येते, आणि प्रामाणिक हिशेबनीस मिळणे ही कोणत्याही समितीची खरी गरज असते. ज्या नगरात तुम्हाला पाठवले आहे त्याचे हित पाहा, असे यिर्मया संदेष्ट्याने बंदिवासातल्या लोकांना लिहिले होते. मी तुमच्या जागी असतो तर पद स्वीकारले असते, पण होकार देतानाच अध्यक्षांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली असती: ‘हिशेबाची पूर्ण जबाबदारी माझी. पूजेला यजमान म्हणून बसणे आणि आरती ओवाळणे मात्र माझ्याकडून होणार नाही. माझी श्रद्धा येशू ख्रिस्तावर आहे. यात तुमच्या देवाचा अनादर नाही.’ हे उत्सवाच्या महिनाभर आधी, चहा घेताना सांगायचे असते. आरतीच्या वेळी तबक समोर आल्यावर मागे सरकणे हा सर्वांसमोर केलेला अपमान ठरतो. आधी सांगितलेली मर्यादा लोक सांभाळून घेतात. आरती चालू असताना तुम्ही जेवणाच्या व्यवस्थेकडे असू शकता किंवा मागे शांतपणे उभे राहू शकता. मोबाइल पाहत उभे राहू नका.

तुमची वर्गणी कोणत्या कारणासाठी वापरली जावी हे सांगण्यातही गैर काही नाही. आमच्या मंडळीतली काही कुटुंबे आपली रक्कम जेवणासाठी किंवा रक्तदान शिबिरासाठी घ्यावी असे सांगतात, आणि ती रक्कम इतरांपेक्षा थोडी जास्तच देतात. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. आपला विवेक पैसे वाचवण्याचे निमित्त आहे असे कोणालाही वाटता कामा नये.

हळदीकुंकवाचा प्रश्न पुष्कळ भगिनींनी माझ्याकडे आणि त्याहून अधिक माझ्या पत्नीकडे आणला आहे. आमच्या मंडळीतील एक भगिनी जे करते ते मला अनुकरणीय वाटते. ती आदल्या दिवशी यजमानीण बाईंना भेटून सांगते की मी नक्की येणार, फक्त कुंकू लावून घेणार नाही. दुसऱ्या दिवशी ती चांगली साडी नेसून, केसांत गजरा माळून, वेळेवर जाते. ओळीने बायकांना हळदीकुंकू लावले जात असताना तिची पाळी आली की ती हसून हात जोडते; यजमानीण तिच्या मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तर लावते, तिळगूळ देते आणि वाण तिच्या हातात ठेवते. कोणाच्याही लक्षात येऊ नये इतके ते सहज होते. ती शेवटपर्यंत थांबते आणि भांडी आवरायलाही हात लावते. कुंकू लावून घेण्यात आराधना नाही, ते सौभाग्याचे लेणे आहे, असे मानणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियाही आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही. या बाबतीत मला एकच गोष्ट खटकते. ‘सौभाग्य’ म्हणून जिथे विधवेला दाराबाहेर ठेवले जाते, तिथे आपण निमूटपणे सामील होऊ नये. तुमच्या पत्नीने कधी आपल्या घरी बायकांना तिळगुळासाठी बोलावले, तर इमारतीतल्या विधवा आजींना सर्वांत आधी निमंत्रण जावे.

प्रसादाबद्दल माझी रीत अशी आहे. दारात आलेले ताट मी कधीही परत पाठवत नाही. दोन्ही हातांनी घेतो, आभार मानतो. ‘हा बाप्पाचा प्रसाद’ असे सांगून दिले असेल तर पौलाच्या सूचनेप्रमाणे मी तो स्वतः खात नाही, आणि टाकूनही देत नाही. इमारतीच्या रखवालदाराला किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंना, जे तो भक्तिभावाने घेतील त्यांना, देतो. घरात केलेले मोदक, करंज्या, पुरणपोळी शेजारधर्म म्हणून आली तर ती आनंदाने खातो. माझ्या ओळखीचे काही प्रौढ, देवभीरू ख्रिस्ती लोक प्रसादही खातात आणि मनात देवाचे आभार मानतात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातील शिक्षण अशाच ठिकाणी कामाला येते. आई तुमच्याबरोबर राहत असतील तर त्यांच्यासमोर ताटातला प्रसाद खाऊन दाखवण्याचा हट्ट करू नका. आणि शेजाऱ्यांचे ताट रिकामे परत करू नका. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला चकल्या, शेव, करंज्या आणि लाडू होतातच; तो फराळ दरवर्षी सर्वांत आधी याच घरांत पोचला पाहिजे.

मुलीच्या नाचाचे उत्तर सोपे आहे. कोळीगीत, शेतकरी नृत्य, देशभक्तीचे गीत यांत तिने मनसोक्त नाचावे. गणेशवंदना बसवली जात असेल तर नाच बसवणाऱ्या ताईंना भेटून तिला दुसऱ्या गाण्यात घेण्याची विनंती करा. अधिक काळजी घ्यायची ती तिला दिलेल्या कारणाची. ‘ते खोटे देव आहेत’ असे वाक्य सात वर्षांच्या मुलीला दिले तर ती दुसऱ्या दिवशी ते मैत्रिणीला ऐकवेल आणि त्यातून दोघीही दुखावतील. ‘आपण प्रभू येशूची प्रार्थना करतो, त्या गणपतीची करतात, आणि त्या तुझ्या मैत्रिणी आहेत’ एवढे तिला पुरते.

आतापर्यंत मी बहुतेक ‘काय करू नये’ याबद्दल बोललो, आणि तेवढ्यावर थांबलो तर उत्तर एकांगी होईल. आपल्या पूर्वजांनी नकारापेक्षा कितीतरी अधिक दिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, येथल्या पुराणांची रीत शिकला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे ११,००० ओव्यांमधून त्याने बायबलची कथा सांगितली. त्याच गोव्यात पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकुमाने लग्नातल्या कितीतरी देशी चालींवर बंदी आली. दोन्ही गोष्टी ख्रिस्ताच्या नावाने झाल्या. आज लोक प्रेमाने आठवतात ती ओवी. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. उलट तुकोबांच्या आधारेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, आणि आपण उपासनेत आजही त्यांची अभंगाच्या वळणाची गीते गातो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये झाला, तरी तेथेही त्या शाकाहारीच राहिल्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विरोधाचे सूर उमटले, तरी मराठी वाचकांनी आणि लेखकांनी एका धर्मगुरूला तो मान दिला. ही माणसे मर्यादा पाळणारी होती, पण लोक त्यांना मर्यादांसाठी ओळखत नाहीत. तुमच्या सोसायटीत तुम्ही ‘आरतीला न येणारे’ म्हणून ओळखले जाल की ‘रात्री दोन वाजता आजोबांना दवाखान्यात नेणारे’ म्हणून, हे वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ठरते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी ती बोलल्याशिवाय राहवत नाही. मोदकावर आपण जेवढा वाद घालतो त्याच्या दहावा हिस्साही सोयरिकीच्या वेळी घालत नाही. मुलाचे लग्न ठरवताना ‘पूर्वीचे कोणते?’ असा जातीचा प्रश्न आजही ख्रिस्ती घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. हुंड्याला भेट म्हटले जाते. भोवतालच्या संस्कृतीतून ख्रिस्ती जीवनात शिरलेली सर्वांत घातक गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर मी प्रसादाचे नाव घेणार नाही, जातीचे घेईन; कारण ज्या प्रभुभोजनात आपण एका भाकरीचे वाटेकरी होतो त्यालाच ती खोटे पाडते. ज्यांच्या पणजोबांनी जातीच्या जाचातून सुटण्यासाठी गावाशी वैर पत्करले त्यांच्याच घरात ती पुन्हा पाट मांडून बसावी याचे मला मनापासून दुःख होते. तुमची मुलगी मोठी होईल तेव्हा या बाबतीतली सीमा तुम्ही ठामपणे आखावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

क्रमाने सांगायचे तर आधी आईंशी बोला आणि आपण काय करणार, काय करणार नाही हे त्यांना समितीच्या आधी कळू द्या. आपल्या मुलाने सीमा पुसलेली नाही, ती विचारपूर्वक आखली आहे, हे कळले की त्यांची भीती पुष्कळ कमी होईल. मग पत्नीसह प्रार्थना करून अध्यक्षांना भेटा. खजिनदाराने पूजेला बसलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह निघाला तर वाद घालू नका. पद नम्रपणे परत करा आणि त्याच बैठकीत रक्तदान शिबिराची जबाबदारी मागून घ्या.